बीएमटीनंतर मूल घरी येतं तेव्हा: कुठल्या वस्तूंवर पैसे घालावेत, कुठल्या दुकानातच सोडाव्यात

ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) मुलाला बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर (बीएमटी) डिस्चार्ज मिळतो, तेव्हा आईवडिलांसमोर दोन याद्या असतात. एक हॉस्पिटलची, औषधांची आणि तारखांची. तिच्यात आपण काही बदल करायचा नसतो. दुसरी यादी नातेवाईक, शेजारी आणि ऑनलाइन दुकानं मिळून तयार करतात: एअर प्युरिफायर, यूव्ही पेटी, भाज्या धुण्याचं ओझोन मशीन, 'किड्स एन-९५', इम्युनिटीची पावडर. हा रिव्ह्यू त्या दुसऱ्या यादीचा आहे.

भारतातला पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये झाला. आज टाटाचं हे काम खारघरच्या ॲक्ट्रेक या त्यांच्याच केंद्रात चालतं आणि राज्यात इतरही अनेक ठिकाणी बीएमटी युनिट आहेत. दात्याच्या पेशी दिलेल्या असतील तर पहिले साधारण शंभर दिवस हॉस्पिटलजवळच राहायला सांगतात. त्यामुळे बहुतेकांचं 'घर' म्हणजे भाड्याची एक खोली आणि किचन असतं. तेव्हा जागा किती, वीज जाते का, भिंत कोरडी आहे का, हे सगळं धरूनच खाली लिहिलं आहे. निकष दोनच ठेवले: वस्तू धोका लवकर दाखवते का, किंवा धोका आत येऊच देत नाही का. आणि तुमच्या युनिटने वेगळं सांगितलं असेल तर युनिटचंच ऐका. प्रत्येक मुलाचे काउंट (रक्तपेशींची संख्या), लाइन (औषधांसाठी शिरेत बसवलेली नळी) आणि औषधं वेगळी असतात.

थर्मामीटर

पूर्ण यादीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू हीच आणि सर्वांत स्वस्तातलीही हीच. काखेत लावायचा साधा डिजिटल थर्मामीटर, मऊ वाकणाऱ्या टोकाचा. एक नाही, दोन घ्यायचे. एक बिघडला तर रात्री केमिस्ट शोधत फिरायला नको, आणि आकड्याबद्दल शंका आली तर पडताळायला दुसरा हाताशी हवा.

घरी आणल्याबरोबर दोन्हींची टोकं कोमट पाण्याच्या एकाच कपात बुडवून बघा. चांगल्या थर्मामीटरची अचूकता ०.२ फॅरनहाइट इकडे-तिकडे असते, त्यामुळे दोघांत ०.४ पर्यंत फरक पडू शकतो. त्याहून जास्त पडला तर बदलून घ्या. पाणी गरम नको, थर्मामीटरची मर्यादा १०८-१०९ च्या आसपास संपते. सेल्सिअस-फॅरनहाइटचं बटण कुठे आहे तेही तेव्हाच पाहून ठेवा. अर्धवट झोपेत '३८' हा आकडा बघून गोंधळणारे खूप असतात.

बीप वाजली की लगेच काढायचा, हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. तापमान चढण्याचा वेग कमी झाला की मशीन बीप देतं, पण काख नुकतीच मिटलेली असेल तर आतली उष्णता अजून गोळा व्हायची असते. काखेतला घाम पुसा, टोक बरोबर खळग्यात बसवा, हात छातीशी दाबून धरा आणि बीपनंतरही एकूण पाच मिनिटं होऊ द्या. केमोनंतर मूल इतकं वाळलेलं असतं की काखेत पोकळी राहते आणि टोक हवेतच लोंबतं. अशा वेळी हात धरून ठेवणं मोठ्यांचं काम. तोंडात लावणार असाल तर गरम किंवा गार काही प्यायल्यावर अर्धा तास थांबा. तोंड आलेलं असेल तर तोंडात लावूच नका. गुदद्वारात थर्मामीटर कधीही लावायचा नाही. काउंट आणि प्लेटलेट खाली असताना तिथली बारीकशी जखमही जंतूंना रक्तात जायला वाट देते. शौचाच्या जागी ठेवायच्या गोळ्यांनाही हेच लागू.

काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. ही बेरीज मनातल्या मनात करू नका. फोनवर 'काखेत ९९.८' असं जसंच्या तसं सांगा. बहुतेक युनिट १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअसला फोन करायला सांगतात. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर जो आकडा असेल तो मार्करने थर्मामीटरच्या डबीवरच लिहून टाका.

कपाळावर धरायची इन्फ्रारेड गन झोपलेल्या मुलाला न उठवता चाळणी लावण्यापुरती ठीक. निर्णयासाठी नाही. पंखा, एसी, घाम, नुकतंच बाहेरून येणं, कपाळावरचं तेल, सगळ्यांनी तिचा आकडा हलतो. शिवाय अनेक मॉडेलमध्ये 'बॉडी' आणि 'सरफेस' असे दोन मोड असतात. दुसरा मोड दुधाच्या बाटलीसाठी असतो आणि तो चुकून चालू राहिला तर तापलेल्या मुलाचं कपाळही ९४ दाखवतं. कानातला थर्मामीटर मळ असेल किंवा थोडा तिरका धरला गेला तरी चुकतो, लहान मुलांत तर हमखास. पाऱ्याचा जुना काचेचा घरात असेल तर तो वापरू नका. मनगटावरचे स्मार्ट बँड त्वचेचं तापमान मोजतात, ते इथे निरुपयोगी.

दोन गोष्टी थर्मामीटर दाखवत नाही. स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबलेला राहू शकतो, म्हणून मूल मलूल असेल तर आकडा बरा दिसला तरी फोन करा. आणि लाइन फ्लश केल्यावर (सिरिंजने द्रव सोडून धुतल्यावर) तासाभरात हुडहुडी भरली तर ती लाइनमधल्या संसर्गाची खूण असू शकते. तेव्हा ताप चढायची वाट बघायची नाही. घरात पॅरासिटामॉल असू द्या, पण युनिटला विचारल्याशिवाय देऊ नका, कारण आकडा उतरला की डॉक्टरांना खरं चित्र दिसत नाही. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन तर प्लेटलेट कमी असताना घरातच नको.

औषध मोजायच्या सिरिंज आणि गोळ्यांचा डबा

सायक्लोस्पोरिन हे दात्याच्या पेशी मुलाच्या शरीरावर उलटू नयेत म्हणून दिलं जाणारं औषध. त्याच्या द्रावणात दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. मुलाचा डोस ३५ मिलिग्रॅम असेल तर ते होतं ०.३५ मिलि. पाच मिलिच्या सिरिंजवर रेघा ०.२ च्या असतात, म्हणजे तुम्ही एक तर २० मिलिग्रॅम देता किंवा ४०. म्हणून एक मिलिची, ०.०१ च्या रेघांची ओरल सिरिंज घ्या. सुई लावायची सिरिंज तोंडाच्या औषधाला वापरू नका. ओरल सिरिंजचं टोक लाइनला बसतच नाही, आणि घरात लाइन असलेलं मूल असताना ही फार मोठी सोय आहे. द्रावण तेलकट असतं. सिरिंज पाण्याने धुऊन ओलीच परत बाटलीत घातली तर मोजमाप बिघडतं. कोरड्या टिश्यूने बाहेरून पुसायची एवढंच, आणि धुतलीच तर पूर्ण वाळल्याशिवाय वापरायची नाही. मिसळायला काचेचा पेला घ्या, प्लॅस्टिकला औषध चिकटून राहतं. संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस चालतो, मात्र युनिटने परवानगी दिलेलाच. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. उघडल्यावर दोन महिन्यांनी टाकायची असते, म्हणून उघडल्याची तारीख लेबलवर लिहा.

गोळ्यांचा सात दिवसांचा, दिवसाला चार कप्प्यांचा डबा उपयोगी आहे, पण जसा विकतात तसा नाही. सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूल फॉइलमधून आधीच काढून ठेवल्या तर चालत नाही, त्याच कामाच्या टॅक्रोलिमसलाही (टॅक्रो) ओलावा सोसत नाही. म्हणजे फॉइलसकट कापून ठेवाव्या लागतात, आणि बाजारातल्या बहुतेक डब्यांचे कप्पे कापलेल्या फॉइलला पुरत नाहीत. झाकण अर्धवट लागतं आणि पिशवीत सगळं सांडतं. कप्पा निदान तीन सेंटिमीटर रुंद आहे का ते बघून घ्या. नाही तर सरळ स्टीलच्या डब्यात 'सकाळ', 'दुपार', 'रात्र' लिहिलेल्या छोट्या झिप पिशव्या ठेवा. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हेच जास्त टिकतं.

डब्याचा खरा फायदा रोज नसलेल्या औषधांना होतो. कोट्राय (संसर्ग टाळायला दिलेलं कोट्रायमॉक्साझोल) आठवड्यातून दोन-तीन दिवसच असतं, ते कप्प्यात दिसलं की विसरत नाही. पण हाच डबा एका औषधासाठी धोकादायक ठरतो. ट्रान्सप्लांट न झालेली, एएलएलच्या (ल्युकेमियाचा एक प्रकार) मेंटेनन्सवरची, म्हणजे घरी चालणाऱ्या लांबच्या उपचारावरची मुलं मेथोट्रेक्सेट तोंडाने घेतात, आठवड्यातून एकदाच. २.५ मिलिग्रॅमची ती पिवळी बारीक गोळी आणि फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी हातात घेतल्यावर सारख्याच दिसतात. घाईत डबा भरताना मेथोट्रेक्सेट रोजच्या कप्प्यात गेलं तर जिवावर बेततं. ते डब्यात ठेवूच नका. वेगळ्या पाकिटात, वर वार लिहून, मोठ्यांच्या कपाटात.

गोळी कापायचं कटर ६-एमपीसाठी (मर्कॅप्टोप्युरिन, हेही मेंटेनन्सचंच औषध) लागतं. त्याची ५० मिलिग्रॅमची गोळी अर्धी किंवा पाव करावी लागते. कटर फक्त त्याच औषधाचं ठेवा, हातमोजे घाला, पडलेली भुकटी ओल्या टिश्यूने टिपून वेगळ्या पिशवीत टाका. घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करू नये. मिक्सरमध्ये किंवा खलबत्त्यात ही गोळी कुटायची नाही.

एक फुकटची सूचना यातच बसते. लेव्हलच्या, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासण्याच्या, दिवशी सकाळचा सायक्लोस्पोरिनचा किंवा टॅक्रोचा डोस घरी द्यायचा नाही. तो पिशवीत घेऊन जायचा आणि रक्त काढल्यावर द्यायचा. डोस आधी दिला की लेव्हल खोटी चढलेली दिसते आणि त्यावर औषध कमी केलं जाण्याची भीती असते. आणि केमिस्टने 'तेच औषध आहे' म्हणून दुसऱ्या कंपनीचं दिलं तर युनिटला कळवल्याशिवाय सुरू करू नका. ब्रँड बदलला की लेव्हल पुन्हा बघावी लागते.

बीपीचं मशीन

सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोने मुलांचं बीपी वाढतं. ते फार वाढलं तर डोकेदुखी, धूसर दिसणं, अगदी झटकेसुद्धा येऊ शकतात. त्यामुळे युनिटने सांगितलं असेल तर मशीन हवंच. पण घरोघरी जे दंडावरचं ऑटोमॅटिक मशीन असतं, त्याचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा दंड सोळा-सतरा सेंटिमीटरचा, आजारात त्याहून बारीक. मोठा पट्टा लावला की बीपी खरं असतं त्याहून कमी दिसतं, आणि ज्या दिवशी वाढलेलं असतं त्याच दिवशी मशीन 'नॉर्मल' म्हणतं.

आधी टेपने दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीची रुंदी घेराच्या निदान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के असावी. ऑटोमॅटिक मशीनला वेगळा छोटा पट्टा मिळतो, पण तोही बऱ्याचदा १७ सेंटिमीटरपासून सुरू होतो. त्याहून बारीक दंडाला डायलचं मशीन, मुलांचा पट्टा आणि स्टेथोस्कोप घेऊन डे-केअरच्या सिस्टरकडून मोजायला शिकणं बरं. दोन वेळा शिकलं की जमतं. मनगटावरची मशीनं मुलांसाठी घेऊच नका. पिक लाइन (दंडाच्या शिरेतून घातलेली लाइन) असलेल्या हाताला पट्टा बांधायचा नाही. मोजण्याआधी मूल पाच मिनिटं शांत बसलेलं हवं. रडत असताना आलेला आकडा वहीत लिहिलात तर शेजारी 'रडत होता' हेही लिहा.

खोली आणि हवा

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात जास्त वायाही जातात. मुख्य शत्रू बुरशी, त्यातही ॲस्परजिलस. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात, धुळीत आणि ओल्या भिंतीत असतात आणि बांधकामाच्या धुळीबरोबर उडतात. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के पकडतो, तेव्हा बीजाणू त्याच्यातून सुटत नाहीत. प्रश्न फिल्टरचा नसून मशीनच्या आकाराचा असतो. दहा बाय दहाची, नऊ फूट उंच खोली म्हणजे साधारण साडेपंचवीस घनमीटर हवा. तासाला पाच वेळा ती फिल्टरमधून जायची तर मशीनचा सीएडीआर (तासाला किती हवा शुद्ध होते तो आकडा) ताशी १३० घनमीटर असायला हवा. पण खोक्यावरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो. रात्री झोपेच्या मोडवर तो निम्म्याहून खाली येतो. म्हणून त्या खोलीला २५० च्या आसपासचं घ्यावं आणि मधल्या वेगावर सतत चालू ठेवावं. आयोनायझर किंवा ओझोनचं बटण असेल तर बंद. फिल्टर बदलताना मूल दुसऱ्या खोलीत, बदलणारा मास्कमध्ये, जुना फिल्टर लगेच पिशवीत बांधून बाहेर. आणि हे समजून असा की युनिटमधल्या खोलीत हवेचा दाबही राखलेला असतो. घरच्या प्युरिफायरने तशी खोली तयार होत नाही. दार सारखं उघडं राहिलं तर मशीन फक्त वीज खातं.

भिंत ओली असेल तर प्युरिफायर घेऊन काहीही साधत नाही. ते पैसे आधी खोली निवडण्यात घाला. सगळ्यात वरचा मजला गळतो, तळमजल्याला खालून ओल चढते, म्हणून मधला मजला बघा. कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा, खिडकीच्या खालची पट्टी आणि बाथरूमला लागून असलेली भिंत हाताने चाचपा. ताजा रंग दिसला तर जास्तच बघा, कारण ओलीवर रंग मारून खोली दाखवली जाते आणि जूनच्या शेवटी पापुद्रे सुटतात. शेजारी इमारत पाडण्याचं किंवा बांधण्याचं काम चालू असेल तर भाडं कितीही कमी असो, ती खोली सोडा. परळला आणि खारघरला हे विचारूनच घ्यावं लागतं.

काही शे रुपयांचा हायग्रोमीटर भिंतीवर लावला की बरंच कळतं. जुलैत मुंबईच्या खोल्यांत आर्द्रता ऐंशीच्या वर जाते. ती पन्नास-साठवर आणायला दिवसाला दहा-बारा लिटर पाणी काढणारा डीह्युमिडिफायर लागतो. आमच्या मते चार महिन्यांसाठी तो मिळाला तर भाड्याने घ्या. टाकी रोज ओतून घासून कोरडी करायची, नाही तर तिच्यातच चिकट थर धरतो. ओले कपडे खोलीत वाळत घातले तर त्याची अर्धी मेहनत फुकट जाते. एसीही ओलावा कमी करतो, पण मूल येण्याआधी फिल्टरच नव्हे तर आतला पाण्याचा ट्रेही सर्व्हिसवाल्याकडून साफ करून घ्या. पाण्याचा डेझर्ट कूलर अजिबात नको, विदर्भातल्या उन्हाळ्यातही नको. साठलेलं पाणी आणि ओलं गवत हवेत उडवणारंच ते यंत्र आहे.

मुंबई-पुण्यात आणखी एक वस्तू लागते जी कुठल्याच परदेशी यादीत सापडणार नाही: कबुतरांची जाळी. विष्ठेतून येणारे जंतू अशा मुलाच्या फुप्फुसात जायला नकोत. जाळी मूल घरी येण्याआधी बसवून घ्या. जुनी विष्ठा कोरडी खरवडायची नाही, आधी पाण्याने भिजवायची. कुंड्या, तुळससुद्धा, तेवढे महिने शेजारी सांभाळतील.

पाणी आणि स्वयंपाक

पाण्यासाठी सगळ्यात भरवशाचं यंत्र म्हणजे स्टीलच्या आतल्या भांड्याची, पाणी उकळल्यावर आपोआप बंद होणारी दीड-दोन लिटरची किटली. बुडबुडे खळखळून येऊ लागल्यावर एक मिनिट पुरतं. काही किटल्या उकळी फुटताक्षणी बंद होतात, त्यांचं बटण पुन्हा एकदा दाबावं लागतं. पाणी झाकून त्याच भांड्यात गार करा आणि चोवीस तासांत संपवा. आरओ असला तरी उकळाच. मशीनच्या टाकीत आणि तोटीच्या आत चिकट थर धरतो आणि फिल्टर कधी बदलला हे भाड्याच्या खोलीत कोणालाच सांगता येत नाही. वीस लिटरचे जार पिण्यासाठी नकोत, त्यांचं तोंड आणि डिस्पेन्सरची तोटी हा कच्चा दुवा असतो. माठ उन्हाळ्यात कितीही मोहात पाडो, त्यात सतत भांडं आणि हात बुडतात.

दुसरी खरेदी दीड-दोन लिटरचा छोटा कुकर. घरातल्या पाच लिटरच्या कुकरमध्ये मूठभर भात नीट होत नाही, मग जास्त शिजवला जातो आणि उरलेला संध्याकाळी फोडणीला पडतो. नेमकं तेच टाळायचं आहे. बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. छोट्या कुकरमध्ये एका वेळचंच होतं. शिजल्यापासून दोन तासांत, उकाड्यात तासाभरात, खाऊन संपवायचं.

कडक 'न्यूट्रोपेनिक डाएट'मुळे (पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं, ताजं वगैरे बंद करणारा आहार) संसर्ग कमी होतात असं अभ्यासांतून ठोस सिद्ध झालेलं नाही. म्हणून युनिटगणिक चार्ट वेगळे असतात, एकीकडे दही बंद तर दुसरीकडे चालतं. भांडत बसू नका, आपल्या युनिटचा चार्ट पाळा. आपल्या जेवणात नेमकं चुकतं ते शेवटच्या वरून घालण्यात. कोथिंबीर, ओलं खोबरं, मिरपूड, गोडा मसाला, मेतकूट, लसणाची चटणी, शेंगदाण्याचं कूट. कोरड्या मसाल्यांत बुरशीचे बीजाणू असतात. तेव्हा हे सगळं आच बंद करण्याआधी घाला आणि पदार्थाबरोबर उकळू द्या. मेतकूट-भात हवा असेल तर मेतकूट तुपात परतून भाताला एक वाफ द्या. चव थोडी बदलते, पण मूल खातं. पपनस घरात आणू नका. ग्रेपफ्रूटसारखंच ते सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोची लेव्हल वाढवू शकतं. शहाळं 'ताकदीसाठी' आणणाऱ्यांना सांगा की या दोन औषधांनी रक्तात पोटॅशियम आधीच वाढतं आणि शहाळ्यात ते भरपूर असतं.

भाज्या धुण्याचं ओझोन मशीन: नको. वाहतं पाणी, हाताने चोळणं आणि शिजवणं पुरतं. यूव्ही पेटी: नको. खेळण्याच्या ज्या बाजूवर प्रकाश पडत नाही तिथे काहीच होत नाही, साबणाच्या पाण्याने धुता येतील अशी प्लॅस्टिकची खेळणी घ्या.

मास्क, लाइन, तोंड, त्वचा

'किड्स एन-९५' नावाने विकले जाणारे अनेक मास्क हे फक्त जाड कापडाचे वाटीसारखे मास्क असतात. पाकिटावर आयएस ९४७३ आणि एफएफपी२ लिहिलेलं आहे का बघा. लिहिलेलं असलं तरी गालाशी फट राहिली तर हवा फटीतूनच जाते. मुलाने जोरात फुंकल्यावर डोळ्यांकडे वारा येत असेल तर तो मास्क त्याच्या मापाचा नाही. नीट बसणारा मुलांचा तीन पदरी सर्जिकल मास्क, ढिल्या एन-९५ पेक्षा बरा. व्हॉल्व्हवाला मास्क घरच्या मोठ्यांनी वापरू नये, कारण त्यातून त्यांचा श्वास गाळल्याशिवाय बाहेर येतो. दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क लावायचा नाही, त्याला गर्दीतच नेऊ नका.

पिक लाइन किंवा हिकमन (छातीतून बाहेर येणारी लाइन) असेल तर आंघोळीसाठी रबरी कडेचं वॉटरप्रूफ कव्हर पिक लाइनला चांगलं, पण मुलाच्या मापाचं. मोठ्यांचं कव्हर बारीक दंडावर सैल बसतं आणि पाणी आत साठतं. किचनमधला क्लिंग रॅप दहा मिनिटंही टिकत नाही. हिकमनला छातीवर पाणी न घेता कमरेखाली तांब्याने आंघोळ आणि वर ओल्या कपड्याने पुसणं, हेच सोपं. पारदर्शक ड्रेसिंग साधारण आठवड्याने बदलतात, कडा सुटली किंवा आत ओल दिसली तर त्याच दिवशी. फ्लशसाठी दहा मिलिचीच सिरिंज. छोट्या सिरिंजचा दाब जास्त येतो आणि लाइन फुटू शकते. लाइनच्या टोकाला काहीही जोडण्याआधी ते टोक अल्कोहोल वाइपने पंधरा सेकंद घासा आणि वाळू द्या. आणि एक स्वस्तातली वस्तू सदैव मुलाच्या कपड्याला अडकवलेली हवी: दात नसलेला प्लॅस्टिकचा क्लॅम्प. लाइन चिरली तर चीर आणि मूल यांच्या मध्ये तो लावायचा आणि निघायचं.

तोंडासाठी महागडे माउथवॉश नकोत, अल्कोहोल असलेले तर जखमांवर जाळतात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा, रोज ताजं. ब्रश अगदी मऊ. त्वचेवर वासाचं काहीच नको. बाहेर निघताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि एसपीएफ ३० किंवा जास्तचं सनस्क्रीन, कारण उन्हाने जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी मुलाच्या शरीरावर उलटणं) पेटू शकतो. तळहात-तळपायांवर लाल पुरळ दिसलं तर क्रीम बदलत बसू नका, फोन करा.

इम्युनिटीच्या पावडरी आणि वापरलेल्या वस्तू

काढे, गुळवेल, च्यवनप्राश, प्रोबायोटिक ड्रिंक. भेट म्हणून हे सगळ्यात जास्त येतं. सायक्लोस्पोरिन नव्या पेशींना मुलाच्या शरीरावर उलटू नयेत म्हणून मुद्दाम दाबून ठेवतं. त्याच वेळी 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' काही देणं म्हणजे त्याच्या विरुद्ध ओढणं. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाची एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) वाढली की जीव्हीएचडी, औषध की संसर्ग हे शोधायलाच डॉक्टरांना घाम फुटतो, त्यात काढ्याची भर नको. प्रोबायोटिकमधले जिवाणूही अशा मुलांच्या रक्तात सापडल्याची उदाहरणं आहेत. आणणाऱ्याला दुखवायचं नसेल तर डबा ठेवून घ्या, लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवा आणि विषय त्यांच्यावर सोडा.

पल्स ऑक्सिमीटर घेतला तर मुलांच्या बोटाचा घ्या. मोठ्यांचा बारीक बोटावर सरकतो आणि ८८ दाखवून घाबरवतो. बोट गार असेल किंवा मेंदी असेल तरी आकडा चुकतो.

आधीच्या कुटुंबाकडून वस्तू घेण्यात संकोच नको, मात्र सगळ्या नाही. किटली, हायग्रोमीटर, वजनकाटा, बीपीचं मशीन (पट्ट्याचं कापड धुऊन), स्टीलची भांडी बिनधास्त घ्या. एअर प्युरिफायर घ्या, पण फिल्टर नवा टाकूनच आणि आतला पंखा बाहेर नेऊन पुसल्यावर. डीह्युमिडिफायर टाकी उघडून हुंगल्याशिवाय घेऊ नका, कुबट वास असेल तर परत. नेब्युलायझरचा मास्क आणि नळी, उघडलेल्या सिरिंज, सुरू केलेली द्रावणाची बाटली, कापसाची खेळणी आणि उशा घ्यायच्या नाहीत. न उघडलेल्या कॅप्सूलची पट्टी कोणी देऊ केली तर ब्रँड, ताकद आणि मुदत तिन्ही स्वतःच्या चिठ्ठीशी जुळतात का ते युनिटच्या फार्मसीत दाखवून घ्या. २५ आणि ५० च्या पट्ट्या नीट वाचल्याशिवाय वेगळ्या ओळखू येत नाहीत.